गळ्यापर्यंत भरलेल्या बाटल्या

जीपच्या स्प्रिंगचा तुटलेला पाटा दुरुस्त होऊन आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही हैदराबाद सोडलं. खरं तर ही फेरी आधीच व्हायची होती. एकदा विधानसभेचं काम लांबलं म्हणून राहिली, एकदा पाट्यामुळे राहिली. निघताना मी चारी चाकं पुन्हा पुन्हा बघितली, तेव्हा साहेब म्हणाले, "अरे, आता गाडीची दृष्ट काढतोस का? चल."

साहेब म्हणजे आमच्या हैदराबाद राज्याच्या विधानसभेत बीदर जिल्ह्यातून निवडून आलेले आमदार. पूर्वी वकिली करायचे, म्हणून तिकडे सगळे त्यांना वकीलसाब म्हणतात. मी त्यांची गाडी चालवतो. कोकणात गावाकडे हे वाचणाऱ्यांना माझी हकीकत ठाऊकच आहे. चौथीनंतर शाळा सुटली, ट्रकवर क्लीनर म्हणून घाट चढून इकडे आलो आणि हैदराबादेत विषमज्वराने अंथरूण धरलं. ओळख ना देख, पण साहेबांनीच मला इस्पितळात नेऊन घातलं, रोज माणूस पाठवून औषध पोटात जातंय ना ते बघितलं. मी वाचलो तो तेवढ्यामुळे. म्हणून त्यांच्या गाडीत जरा कुठे खुट्ट झालं की मी लगेच बॉनेट उघडून बघतो.

खेड्यातल्या दवाखान्यांसाठी सरकार खर्च करून औषधं पाठवतं, ती तिथे पोचतात का, असा प्रश्न साहेबांनी सभागृहात विचारला होता. पोचतात, असं उत्तर मिळालं. साहेबांना ते डोळ्यांनी बघायचं होतं. बीदर आणि गुलबर्गा जिल्ह्यांतले काही दवाखाने त्यांनी निवडले आणि आपण येत असल्याची पत्रं बरीच आधी पाठवून दिली.

जहिराबाद मागे पडलं आणि रस्त्याच्या कडेची माती लाल झाली. बीदरजवळ तर मी गाडीचा वेग आपोआप कमी केला. जांभा! आपल्या घरांच्या चिऱ्यांचा, आपल्या विहिरींचा तोच दगड इथे माळावर उघडा पडलेला. किल्ल्याची भिंतही त्याच रंगाची. फक्त माडाचं झाड कुठे नाही, आणि समुद्र तर किती लांब. नौबादला चहा प्यायला थांबलो तेव्हा मी त्या दगडाला हात लावून बघितला. चहावाल्याने विचारलं, "क्या ढूंडरे मियाँ, सोना?" मी म्हटलं, "आमच्या गावाकडचा दगड आहे." तो म्हणाला, "तो ले के जाव. यहाँ भोत है."

पुढे हुमनाबादनंतर लाल माती संपली, काळी सुरू झाली. कल्याणीला साहेबांच्या ओळखीचे एक अडत दुकानदार आहेत, बसवण्णांना मानणारं घर. घरात एका वाक्यात कानडी, दुसऱ्यात मराठी. दुकानदारांच्या पत्नीला सगळे अक्का म्हणतात. त्यांनी ज्वारीची भाकरी, पुंडीपल्या (अंबाडीची भाजी) आणि शेंगांची चटणी वाढली. मी दुसरी भाकरी हळूहळू खायला लागलो तसं अक्का म्हणाल्या, "कामून अडकायलास रे? कोकणचा हाईस व्हय? मग ह्येला भात पायजे." आणि खरंच माझ्यापुरता भात टाकला. परक्या गावात कुणी आपल्यासाठी वेगळं पातेलं चुलीवर ठेवलं, म्हणून मी शीतही उरू दिलं नाही.

मंठाळच्या पुढे रस्ता म्हणजे नुसत्या बैलगाडीच्या चाकोऱ्या. ज्या गावात पोचलो त्याचं नाव लिहीत नाही. दवाखाना दिसला तो दुरूनच, नव्या चुन्याने पांढरा. दाराला आंब्याच्या पानांचं तोरण. समोरच्या कडुलिंबाखाली माणसं बसली होती आणि प्रत्येकाच्या हातात एक रिकामी बाटली. इकडे औषध घ्यायला आपली बाटली आपण न्यायची असते. कुणी तिचं तोंड चिंधीने बांधलं होतं, कुणी दाणे काढलेल्या कणसाच्या बुरकुंडाचं बूच केलं होतं.

दवाखान्याचे डॉक्टर तालुक्याहून अधूनमधून येतात. एरवी सगळं कंपाउंडर शरणप्पा यांच्या हातात. पन्नाशीचे, धुतलेला कोट घातलेले. त्यांनी साहेबांना हार घातला, करदोट्याची किल्ली काढली आणि कपाट उघडलं.

आत बाटल्या ओळीने उभ्या होत्या. पुसून लखलखीत, प्रत्येक गळ्यापर्यंत भरलेली. हिवतापाचं क्विनीन, खोकल्याचं, जुलाबाचं, सगळं होतं. साहेबांचा चेहरा उजळला. म्हणाले, "म्हणजे पोचतात तर."

"पोचत्यात की, साहेब. थेंब कमी न्हाई."

"उत्तम ठेवलंय तुम्ही. मग ही माणसं बाहेर का बसलीत? सकाळपासून दिलं नाही?"

शरणप्पा हसले. "तुमी बघायच्या आधी कसं देणार? मुआयना (तपासणी) व्हायच्या आधी बाटलीला हात लावायचा न्हाई. निजामाच्या राज्यापासनं हीच रीत हाय. माझ्याआधीचा कंपाउंडर अर्धी बाटली सापडली म्हणून घरी गेला. गेलेली अर्धी विकलीस म्हणले त्येला. रोग्याच्या पोटात गेलेली कशी दाखवणार?"

साहेबांनी हळूच विचारलं, "कधीपासून हात लावला नाही?"

"तुमचं पत्र आलं तवापासनं."

मला तो तुटलेला पाटा आठवला. साहेबांना बहुधा लांबलेली विधानसभा आठवत असेल.

"मग इतके दिवस ह्यांना काय दिलंत?"

"वकीलसाब यायलेत, थांबा, म्हणून सांगितलं. थांबले बिचारे. समजूतदार मानसं हाईत." शरणप्पांच्या बोलण्यात लबाडी नव्हती. शाबासकीची वाट बघत ते अजून कपाटाशी उभे होते. मग साहेबांचा चेहरा बघून त्यांचा हात किल्लीवर गेला. "काय चुकलं का, साहेब?"

साहेब एवढंच म्हणाले, "तपासणी झाली. आता द्या. आधी तापाच्या माणसांना द्या."

रांगेत पहिला बीरप्पा नावाचा म्हातारा धनगर होता, खांद्यावर घोंगडी. त्याच्या लेकीला, रखमाला, हिवताप. बाळंतपणाला माहेरी आली होती, बाळ चांगलं होतं, पण ताप उतरत नव्हता. आदल्या दिवसापासून ती बोलत नव्हती. शरणप्पांनी क्विनीन ओतलं, कागदाची पट्टी कातरून बाटलीवर चिकटवली. एका खाचेपर्यंत एक वेळ. म्हाताऱ्याने खाचा बोटाने चाचपल्या.

"घर कुठे आहे, अप्पा?" साहेबांनी विचारलं.

"त्या माळापल्याड. चालत गेलं की दिवस मावळंल."

"गाडीत बसा."

बीरप्पा जीपमध्ये पहिल्यांदाच बसत होता. पाय आधी आत घालायचा की डोकं, यातच थोडा वेळ गेला. मग बाटली दोन्ही हातांत, घोंगडीखाली धरून बसला, कोकरू धरावं तसा. रस्ता नव्हताच. पहिल्या खड्ड्याला तो म्हणाला, "हळू घ्या, डायवरसाब, बाटली हिंदळायलीय." मी वेग कमी केला. जरा पुढे गेल्यावर म्हणाला, "पर लई हळू बी नगा. माझी मेंढरं म्होरं निघतील."

साहेब हसले. म्हाताऱ्याला धीर आला असावा. त्याने विचारलं, "साहेब, तुमी हैद्राबादेत जमून काय करतासा?"

"प्रश्न विचारतो. मंत्र्यांना."

"अन् ते सांगत्यात?"

"सांगतात."

"खरं सांगत्यात?"

साहेबांनी बाहेर बघितलं. "ह्या वेळेला खरंच सांगितलं होतं, अप्पा."

"मग ब्येस हाय," म्हातारा म्हणाला.

माळ उतरलो तशी झोपड्यांची वस्ती दिसली. एका झोपडीपुढे बायका जमल्या होत्या. मी इंजिन बंद केलं तेव्हा कळलं की त्या बायका मघापासून रडत होत्या, गाडीच्या आवाजात ऐकू आलं नव्हतं. बीरप्पा उतरला नाही लगेच. नुसता बघत राहिला. मग बायकांतली एक तान्ह्याला घेऊन गाडीजवळ आली आणि कानडीत काहीतरी म्हणाली. ते मला कळलं नाही आणि कळायला काही उरलंही नव्हतं.

साहेब टोपी हातात घेऊन उभे राहिले. बीरप्पा आत जाऊन आला. दारातल्या पाण्याने हात धुतले, बाळाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि आमच्याकडे आला. घोंगडीखालून बाटली काढून साहेबांपुढे धरली.

"ही परत न्या, साहेब. कपाटात ओतून टाका. तुमच्या मुआयन्यात कमी भरायला नगं."

"अप्पा..."

"बाटली आमची हाय, पर ऱ्हाऊ द्या. आता काय करायचीय?" आणि वर म्हणाला, "तुमी गाडीतनं आणलं. एवढं कोन करतंय?"

त्याच्या बोलण्यात टोमणा असता तर बरं झालं असतं. नव्हता. पाहुण्याला मोकळ्या हाताने पाठवू नये म्हणून त्याने सुनेला हाक मारली, तिने तांब्याभर ताक आणून आमच्यापुढे ठेवलं. त्या घरी, त्या वेळी. साहेब ते प्याले. मीही प्यालो.

परत दवाखान्यात आलो तर लिंबाखाली अजून माणसं होती. साहेबांनी बाटली शरणप्पांच्या हातात दिली. शरणप्पांनी ती ओळखली, वरची पट्टी बघितली. पहिल्या खाचेपर्यंतसुद्धा औषध उतरलं नव्हतं. पट्टीवर बोट ठेवून ते पायरीवर बसले. साहेबच म्हणाले, "उठा शरणप्पा. त्या बाई ताटकळल्यात." शरणप्पांनी ते सगळं पुढच्या बाईच्या बाटलीत ओतलं. धार बाटलीच्या तोंडाबाहेर जायला लागली तशी बाईने आपल्या हाताने त्यांचं मनगट धरलं.

दुसऱ्या दिवशी आम्हाला गुलबर्ग्याकडे जायचं होतं. तिथल्या दवाखान्यांनाही पत्रं गेलेली होती. हुमनाबादच्या नाक्यावर साहेब म्हणाले, तारघराशी थांब. आत त्यांनी मजकूर सांगितला, "मी येत नाही. औषधं वाटा." प्रत्येक दवाखान्याला तोच. तारबाबू चष्म्यावरून बघत म्हणाला, "वकीलसाब, येतो म्हणून तार करणारे रोज येत्यात. येत न्हाई म्हणून करणारे तुमीच पहिले." साहेबांनी तारांचे पैसे मोजून दिले.

तिथूनच आम्ही परतलो. जांभ्याचा माळ पुन्हा लागला. या वेळी मी थांबलो नाही. इस्पितळातला माझा कडू घोट आठवत होता. ती बाटली कुणीतरी वेळेवर उघडली होती, तपासणीला कमी भरेल म्हणून झाकून ठेवली नव्हती. त्या माणसाचं नाव मला माहीत नाही. घरी लिहिताना आजवर मी एकट्या साहेबांचे उपकार लिहीत आलो, आज त्याचेही लिहितो.

साहेबांनी सभागृहात पुन्हा प्रश्न विचारला. त्याला काय उत्तर आलं ते मला नीट समजलं नाही, मी बाहेर गाडीपाशी असतो. मला एक गोष्ट मात्र दिसते. पूर्वी साहेब आदल्या दिवशी सांगायचे कुठे जायचं ते, आणि मी रस्ता, पेट्रोल, पाणी यांची काळजी करत बसायचो. आता ते मलाही सांगत नाहीत. मी टाकी पूर्ण भरून ठेवतो. सकाळी ते येऊन शेजारी बसतात, गाडी चौकात येते, आणि मग म्हणतात, "डावीकडे घे."