चोरीची मधुमालती

सिंगापुरात सेंगकांगला आमच्या शेजारी राहणाऱ्या चिनी आंटींच्या दारात मधुमालती बहरायची. मी फांद्या मागितल्या, त्यांनी हौसेनं तीनदा दिल्या आणि तिन्ही वेळा त्या माझ्या कुंडीत कुजल्या. पुण्याहून आई फोनवर वैतागली, "मागून आणलेला वेल लागतो का कधी? चोरून आण!"

मी रस्ता रिकामा असला तरी सिग्नल न मोडणारी बाई. पण एका दुपारी आंटी बाजारात गेल्या आणि मी त्यांच्या वेलाची तीन पेरांची फांदी तिरकी कापली. कात्रीही त्यांचीच, कुंडीच्या काठावर ठेवलेली. पंधरा दिवसांत पालवी फुटली मेलीला!

यंदा कॉरिडॉर रंगवताना आंटींचा वेल मेला, तेव्हा त्या माझ्याकडेच फांदी मागायला आल्या. आता द्यायची कशी? दिलेली कुजणार. शेवटी खाली मान घालून मी आईचा नियम सांगितला आणि म्हटलं, "मी अर्धा तास बाहेर जाते. तुम्ही चोरा."

आंटींना जराही नवल वाटलं नाही.

"जा," त्या म्हणाल्या, "पण कात्री कुंडीवर ठेवून जा. मी ठेवली होती तशी."