छज्जा पाडला ते वर्ष

आमच्या कॉलनीला नाटकाचं वेड होतं आणि नाटकाला जागा नव्हती. ती जागा दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शोधली आणि मी घालवली. यातलं दुसरं मी आजवर कुणापुढं बोलले नाही.

दादा शिक्षक. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज बसला तो बसलाच. शेजारी बसलेल्याला ऐकू जाईल एवढाच उरला. शाळेनं त्यांना वर्गातून काढून हजेरीपटांच्या खोलीत बसवलं. एका खाकरण्यानं वर्ग गप्प करणारा माणूस घरात पाणी मागायला पेल्यावर चमचा वाजवायला लागला.

कॉलनीमागं, डोंगराच्या पायथ्याला, ओढ्यानं काळा खडक कोरून अर्धगोल खोबण केली होती. मागं उभा कडा आणि त्यातून पुढं आलेला जाड दगडी छज्जा. समोर बायका धुणी धुवायच्या. एका रविवारी दादा त्या छज्ज्याखाली सावलीला बसले होते. चांगल्या पन्नास पावलांवर एका बाईच्या हातून साबण निसटला. दादा आपल्याशीच पुटपुटले, "बाई, साबण चालला." बाईनं झटकन वळून साबण धरला आणि ओरडून म्हणाली, "लय उपकार झाले, गुर्जी!"

दादा घरी आले ते जवळजवळ धावतच. "तिला ऐकू गेलं," एवढंच आईला पुन्हा पुन्हा सांगत राहिले आणि रडले. मी तेरा वर्षांची होते. मला त्यांची लाज वाटली. त्या वयात सगळ्याचीच वाटते, पण माझी जरा जास्तच टिकली.

पुढच्या चौदा एप्रिलला, जयंतीला, तिथं पहिलं नाटक झालं. वीज नव्हती, पडदा नव्हता. चार-साडेचारला डोंगराची सावली खडक उतरून शेवटच्या रांगेपर्यंत पोचली की वंदना व्हायची आणि नाटक सुरू. दिवस मावळायच्या आत संपवायचं. एका वर्षी लांबलं, तर आमच्या राजानं अंधारात प्रधान समजून तबलजीला मिठी मारली. नाटक दादा लिहायचे आणि त्यातला म्हातारा स्वतः करायचे. छज्ज्याखाली उभं राहून ते कुजबुजले तरी मागच्या रांगेतली म्हातारी डोळे पुसायची. लोक मनमाडहून पाहुणे घेऊन यायचे. वर्षातला तो एकच दिवस दादांना आवाज असायचा.

पुढं मला अंबडच्या एका कारखान्यात कारकुनी मिळाली. अक्षर बरं म्हणून कॉलनीच्या जयंती मंडळानं चिटणीस केलं. मीटिंगमध्ये दादा माझ्या शेजारी बसायचे, माझ्या कानाशी बोलायचे आणि मी ते मोठ्यानं सगळ्यांना सांगायचे. "गुरुजी काय म्हणतात?" असं कुणी विचारलं की सगळे बघायचे माझ्याकडं.

ऑफिसात एक बाई दर एप्रिलला विचारायची, "यंदा पण दगडातच का गं तुमचं नाटक?" माझ्या अंगाची नुसती लाही व्हायची. अशात कॉलनीतल्या एका ठेकेदारानं सिमेंटचा स्टेज फुकट बांधून द्यायचं कबूल केलं. फक्त छज्जा आड येत होता. पडदा टांगता येत नव्हता आणि पाहुण्यांच्या सत्काराला खुर्च्या मावत नव्हत्या. चार सुरुंग लावले की काम भागणार होतं. सगळ्यात जोरात माझाच आग्रह होता.

मीटिंगला दादा माझ्या कानाशी वाकले. "छज्जा पाडू नका म्हणून सांग. माझा आवाज त्याच्यामुळं आहे." मी रजिस्टरात मान घालून लिहीत राहिले. त्यांनी पुन्हा सांगितलं. तेवढ्यात चहा आला आणि मी लिहिलं, "एकमताने मंजूर."

जयंतीला नवा स्टेज, रंगवलेला पडदा आणि ऑफिसातली ती बाई पहिल्या रांगेत. दादा आले, बोलू लागले. ओठ हलताना दिसत होते. मागून आरोळी आली, "आवाज!" मग टाळ्या, शिट्ट्या. कुणीतरी भाषणाचा माइक त्यांच्यापुढं आणून ठेवला. कर्ण्यातून त्यांच्या घशाची खरखर तेवढी निघाली, पत्र्यावर वाळू ओतल्यासारखी. पोरं हसली. दादांनी माइक हातानं बाजूला केला आणि आपलं सगळं काम शेवटच्या वाक्यापर्यंत केलं. मी पडद्याआड हातात वही घेऊन उभी होते. एक शब्द त्यांनी गाळला नाही. मला पळून जावंसं वाटत होतं.

घरी आईनं त्यांना गरम पाणी दिलं. मी जवळ जाऊन बसले. पेला खाली ठेवून ते म्हणाले, "त्या दिवशी मीटिंगमध्ये मी तुला सांगितलं होतं. गलबला होता. तुला ऐकू गेलं नसेल."

ते माझ्याकडं बघत होते. खरं बोलायची वाट त्यांनीच मोकळी करून दिली होती, आणि मी तिच्यावर पाऊल टाकलं नाही.

"नाही दादा," मी म्हणाले. "नाही ऐकू आलं."

"बरं," ते म्हणाले.

पुढच्या मीटिंगला दादा पाटी-पेन्सिल घेऊन आले. अध्यक्षांनी विचारलं, "गुरुजी काय म्हणतात?" दादांनी पाटीवर लिहिलं आणि ती माझ्यासमोरून पलीकडं बसलेल्याच्या हातात दिली.