कोंडाबाईचा बिल्ला

“नापास,” असं म्हणून मॅट्रनबाईंनी वही मिटली.

हरसूलची कोंडाबाई माझी विद्यार्थिनी. वयानं माझ्या आईएवढी, तीस वर्षं सुईणपण केलेली. आमच्या नाशिकच्या नर्स-सुईण मंडळानं तेव्हा नवा नियम काढला होता. परीक्षा पास होईल तिलाच पितळेचा बिल्ला. बिल्ला नसलेल्या सुईणीला बोलावू नका, अशी दवंडी गावोगाव पिटायची होती. म्हणजे कोंडाबाईचं सगळं काम त्या एका शब्दात संपलं.

दवाखान्यातल्या परीक्षेत हात तर तिनं झकास धुतले होते. साबण, नखांना ब्रश, मग जंतू मारणारं लायसॉलचं पाणी. बाळंतिणीला ताप चढतो तो पुष्कळदा आमच्याच हातांमुळे, म्हणून ही सगळी उठाठेव. आणि एवढं करून बाई खाली वाकली, जमिनीला हात लावून कपाळाला लावला आणि तेच हात घेऊन खाटेवरच्या बाळंतिणीकडे निघाली! मॅट्रनबाईंनी तिथंच अडवलं.

“अहो, महिनाभर शिकवलं, एकदाही असं केलं नाहीत!” मी चिडले.

“तवा कापडाची बाहुली व्हती, बाई. बाहुलीसाठी कोण भुईच्या पाया पडतंय?”

घ्या!

मॅट्रनबाई मंडळाच्या अध्यक्ष, परीक्षकही त्याच. मी गळ घातली तेव्हा म्हणाल्या, “उद्या सकाळी शेवटची संधी. पण ते नमस्काराचं बंद.”

कोंडाबाई ऐकेना. “भुईला इचारल्याबिगर एक बी लेकरू हातात घेतलं नाय. ऱ्हाऊ द्या तुमचा बिल्ला.”

“नमस्कार सोडू नका हो. आधी पाया पडा, मग हात धुवा.”

“एवढंच व्हय? आधी सांगायचं की!”

दुसऱ्या दिवशी ती आधी पाया पडली, मग कोपरापर्यंत हात धुतले. बाळ अलगद बाहेर आलं, खणखणीत रडलं. नाळ बांधून झाली. ती कशी कापायची ते दाखवायला मॅट्रनबाई स्वतः पुढे झाल्या. हात धुतलेले होते, पण चष्मा घसरला. त्यांनी बोटानं तो वर सारला आणि उकळलेल्या कात्रीकडे हात नेला.

“थांबा, बाई!” कोंडाबाईनं कोपर आडवं घातलं. “चष्म्याला हात लागला. धुवून या.”

अगं बाई गं! आता बिल्ला गेलाच, असं मला वाटलं. मॅट्रनबाई लालबुंद झाल्या. मग मुकाट्यानं नळाकडे गेल्या आणि पुन्हा पहिल्यापासून हात धुवायला लागल्या. तोवर कोंडाबाईनं नाळ कापूनही टाकली. मुलगी होती, चांगली गुटगुटीत.

बिल्ला मॅट्रनबाईंनी स्वतःच्या हातानं तिच्या पदराला लावला. मला इतका आनंद झाला की मी दोघींना चहा पाजला. पुढच्या आठवड्यापासून मॅट्रनबाईंच्या चष्म्याला काळी दोरी आली.

मी मात्र एक धडा घेतला. नवी सुईण आली की आधी तिचं एक खरं बाळंतपण गप्प बसून बघायचं. बाहुली त्यानंतर.