एक की दीड

गुरुत्वाकर्षण सगळ्यांना सारखंच लागू आहे असं ज्याला वाटतं, त्याने आमच्या वरच्या मजल्यावरच्या मुलीला दुधाची पिशवी घेऊन जिना चढताना पाहावं. आमच्या मुलुंडच्या इमारतीला लिफ्ट नाही, त्यामुळे एकतीस वर्षांत जिना चढणारी नाना तऱ्हेची माणसं मी पाहिली आहेत. धापा टाकणारी, शिव्या देणारी, मधल्या मजल्यावर आमच्याकडे पाणी मागणारी. पण पायऱ्या सोडून कठड्यावरून चालत जाणारी ही एकटीच. वर 'गुड मॉर्निंग काका' आहेच.

ही पोरगी जिम्नॅस्ट, आणि तीसुद्धा देशातल्या पहिल्या सात-आठ जणींतली, हे मला फार उशिरा कळलं. आधी कळलं ते एवढंच, की लॉकडाऊन लागला, तिचा सरावाचा हॉल बंद झाला आणि माझं छत सुरू झालं. मी नुकता रिटायर झालो होतो. दुपारच्या झोपेची चौतीस वर्षं वाट पाहिलेला माणूस! डोळा लागायचा अवकाश, की वरून धाड्! मी सेक्रेटरीला दोन पानी तक्रार लिहिली. 'वरील मजल्यावर मुसळाने कांडण चालते की काय' असं एक झकास वाक्यही त्यात टाकलं. दुसऱ्या दिवशी फळ्यावर नोटीस लागली: घरात उड्या मारण्यास सक्त मनाई.

संध्याकाळी बेल वाजली. दार उघडलं तर मास्क लावून, सहा फुटांवर ही उभी. मी भांडायच्या तयारीतच होतो.

"काका, तुम्ही कधी झोपता आणि कधी उठता तेवढं सांगा ना. तुमच्या झोपेत नाही उडणार मी."

भांडणाची तर अशी वाट लागली. मग तिनेच सांगितलं. भारतीय संघाची निवड चाचणी व्हायची होती, तारीख सारखी पुढे जात होती, पण कधीही येऊ शकत होती. आदल्या वर्षी बीमवर, म्हणजे त्या तळहाताएवढ्या रुंद लाकडावर, तिचं सगळं सुरेख झालं होतं. शेवटची उडी मारून खाली उतरताना एक पाय अर्धं पाऊल सरकला. त्या अर्ध्या पावलाने ती संघाबाहेर राहिली.

"यंदा झालं तर झालं काका. वीस पूर्ण होतील. मग आमच्यात आज्जीच म्हणतात."

मी साठ वर्षांचा. मान खाली घालून म्हटलं, "चार वाजता चहाला उठतो गं मी. चार ते साडेपाच उड." आणि खाली जाऊन नोटीस स्वतःच्या हाताने काढली.

त्या घराने मग जे केलं ते पाहून मी थक्क झालो. तिचे वडील फर्निचरच्या कारखान्यात सुतार. त्यांनी कुणाच्या तरी जुन्या दाराच्या चौकटी जोडून बीम बनवला. तो हॉलमध्ये मावेना, म्हणून एक टोक स्वयंपाकघरात गेलं. आई महिनोन् महिने पोळ्यांचं ताट घेऊन तो ओलांडत होती. पोरीचे पाय लागतात म्हणून हॉलचा पंखा काढला, तोही ऐन मे महिन्यात! घरातल्या सगळ्या गाद्या जमिनीवर पसरल्या आणि तिघंही चटईवर झोपायला लागली. जिन्यात भेटल्या की वहिनी, म्हणजे तिची आई, मालवणीत म्हणायच्या, "पंखो गेलो, गाद्यो गेल्यो, आता उद्या माका पण भायर काढतली, जागा होयी म्हणान!" आणि लगेच पोरीसाठी अंडी आणायला धावायच्या. पोरगी तर बसायची म्हणून नाहीच. मटार सोलायचे तेही दोन्ही पाय दोन दिशांना सपाट पसरून. दात घासायचे ते एका पायावर. हाताला लावायची पांढरी पावडर संपली तेव्हा माझ्या बायकोने तांदळाची पिठी पाठवली. दुसऱ्या दिवशी बीमवर मुंग्यांची ही रांग! आणि ही बया एकही मुंगी न चिरडता उलट्या उडीने पलीकडे गेली, असं वहिनी शपथेवर सांगतात.

चारच्या उड्यांच्या पहिल्याच दिवशी तिने गॅलरीतून वाकून विचारलं होतं, "काका, खूप आवाज आला का?"

"दोनदा आला," मी म्हटलं.

"दोनदा? म्हणजे पाय हलला!"

झालं! त्या दिवसापासून मी पंच. दोन्ही पाय एकदम टेकले तर एक. एक पाय जरासा सरकला तर दीड. तोल जाऊन पाऊल पडलं तर दोन. चहाचा कप घेऊन मी छताकडे कान लावायचा. धाड्! "काका, किती?" "दीड!" पुन्हा धाड्. रोज चाळीस उड्या. बायको म्हणायची, "मला नाही बाई कळत तुमचं ते एक आणि दीड. मला कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या असतात." पण आमची लग्नातली गादी तिनेच मला न विचारता वर पाठवली होती.

एकदा चाचणी पुन्हा पुढे गेल्याचा फोन आला. त्या दिवशी ओळीने अकरा वेळा दोन. बाराव्या उडीनंतर तिचा आवाज चिरकला, "काका, किती?"

ऐकू आलं होतं दीड. मी म्हणालो, "एक!"

मग ती खाली आली. पायऱ्या उतरून, माणसासारखी. डोळे लाल होते.

"काका, घाबरले ना की माझं मला कळेनासं होतं, पाय हलला की नाही. म्हणून तुम्हाला विचारते. बरं वाटावं म्हणून नाही विचारत. तिथे काका नसणार कुणी."

"चुकलं गं," मी म्हणालो. चौतीस वर्षांत कुठल्या साहेबाला म्हटलं नव्हतं.

"परत नको हां," म्हणाली आणि वर गेली. तेराव्या उडीला मी खरं तेच सांगितलं. दोन.

चाचणी झाली ती थंडीत. प्रेक्षक नाहीत, आईवडिलांनासुद्धा आत प्रवेश नाही. त्या दिवशी चार वाजले, छत गप्प. माझा चहा निवून गेला. संध्याकाळी फोन आला तेव्हा पहिल्यांदाच मी विचारलं, "किती?"

"दीड."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. तीच म्हणाली, "राखीव म्हणून घेतलंय काका. कॅम्पला चाललेय."

दोन वर्षं ती राखीव राहिली. दुसऱ्यांचे खेळ बाजूला उभी राहून पाहिले, तिची पाळी काही आली नाही. इकडे मला दुपारची झोप मनसोक्त मिळत होती आणि मी मेला टक्क जागा असायचो.

गेल्या गणपतीत ती बॅग घेऊन परत आली. दारात वाकून नमस्कार केला. "सोडलं काका. आता लहान मुलींना शिकवणार." हसत होती, पण मला तिच्याकडे बघवेना. मी आपलं "बरं केलंस गं" म्हटलं आणि प्रसादाचे दोन मोदक हातावर ठेवले.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी कप तोंडाला लावला आणि वरून आवाज आला. धाड्! पुढे काही नाही. छताचा पोपडा तेवढा चहात पडला. गॅलरीतून हाक आली, "काका, किती?"

मी मान खाली घालून कपातला पोपडा बोटाने काढत राहिलो. तिने पुन्हा विचारलं, "काका? किती?"

तेवढ्यात स्वयंपाकघरातून हात पुसत माझी बायको धावत गॅलरीत गेली आणि वर तोंड करून ओरडली, "एक गं बाई! एकच!"