चकाचक विहिरीला पाझर कुठून फुटणार?

मंडळी, आज सकाळी पोलादपूरच्या बाजाराला निघालो आणि वाडीच्या विहिरीवरच अडकलो. अजून डोकं तापलेलंच आहे, म्हणून लिहितोय.

आमची विहीर जुनी, नुसते दगड रचून बांधलेली. त्या दगडांच्या फटींतूनच पाणी पाझरतं, म्हणून मे महिन्यातही कधी तळ दिसला नव्हता. यंदा ग्रामसभेत ठरलं, घरपट्टीच्या पैशातून या विहिरीचं जतन करायचं. सगळ्यांनी हौसेने पट्टी भरली.

आणि करायला गेले गणपती, झाला मारुती! ठेकेदाराने आतली एकूणएक फट सिमेंटने लिंपली, वर निळी फरशी बसवली. आज बघतो तर तळाला जेमतेम कळशीभर पाणी.

सरपंच तिथेच फोटो काढत होता. "काका, बघा कशी चकाचक हाय!"

शेजारची यशोदावहिनी रिकामा हंडा घेऊन उभी होती. ती कडाडली, "मग चाटू काय रे ती फरशी? भात कशात शिजवू? फोड ती आधी!"

"फोडायचं नाय हां वयनी. वाडीतले मुंबईकर यायचेत उद्घाटनाला. तेवढं होऊ दे, मग बघू."

पोरगा मनाने वाईट नाही हो, पण आज त्याचा कान पिळावासा वाटला. उद्घाटनापर्यंत काय हंड्यात फोटो भरायचे?

उद्या उजाडताच मी छिन्नी-हातोडी घेऊन विहिरीत उतरतोय. गुडघे कुरकुरतात, एकट्याने जमणार नाही. शिडी धरायला यशोदावहिनी येतेय. वाडीतल्यांनो, आणखी कोण येताय?