तळपायाचं काजळ

आमच्या गावात तान्ह्या पोराच्या डोळ्यांत काजळ घालत नाहीत, तळपायाला लावतात. खालापूरकडची कुणी व्याहीण बाळंतविडा घेऊन आली की हटकून विचारते, तुमच्याकडची पोरं पायानं बघतात का हो? मी तिला बसायला पाट देतो. गोष्ट लांबते, चहा गार होतो, आणि चहा गार झाला म्हणून घरात मला बोलणी बसतात. तरी मी सांगतोच. गोष्ट बायजाची आहे, आणि बायजाबद्दल थोडक्यात सांगणं मला आजवर जमलेलं नाही.

बायजा आमच्या गावची सुईण. प्लेगच्या आधीचा काळ. घाट चढणाऱ्या गाडीला मागून रेटायला कर्जतला इंजिनं उभी असत, आणि आसपासचे पुष्कळ बापये शेती सोडून रेल्वेत लागले होते. बायजाचा नवरा लवकर गेला. सासू सुईणपण करी, तिच्यामागं हिनं ते हातात घेतलं. मीही तिच्याच हातांवर आलो. भर बाजारात भेटली तरी दहा माणसांना ऐकू जाईल असं म्हणायची, "ह्यो पायाळू. आईला लई छळलंन ह्यानं, आता बघा कसा टोपी घालून चाललाय." मला मिसरूड फुटलं तरी तिचं हे चालूच होतं.

तिच्या कनवटीला एक पितळेची डबी असे. पाचवीला सटवाईपुढं दिवा लावतात ना, त्याच्यावर ताटली धरून ती काजळी उतरवी, एरंडेलात खली आणि डबीतल्या जुन्या काजळात मिसळी. ज्या घरी मूल जन्मे त्या घरची काजळी डबीत पडे, आणि गावातल्या आधीच्या साऱ्या पोरांचं काजळ नव्या पोराच्या डोळ्यांत जाई. आम्ही पोरं मारामारी करू लागलो की म्हातारे म्हणत, एका डबीची तुम्ही, भांडता काय? सकाळी बायजा घरोघर बाळं न्हाऊ घालत फिरे. न्हाणं झालं की करंगळी डबीत, करंगळी डोळ्यात, पुन्हा डबीत. मग पुढचं घर.

आता चांगोच्या घरचं सांगतो. चांगो रेल्वेत आगवाला, इंजिनाच्या तोंडात कोळसा लोटायचं काम. बऱ्याच रात्री त्याला मुंबईलाच काढाव्या लागत. बायको पारू, आई सोनाबाई. त्यांच्या आमच्या घराची भिंत एकच. पारूचा पहिला मुलगा सदू जन्मला तो टपोऱ्या डोळ्यांचा. तिसऱ्या दिवशी पापण्या सुजल्या, पू धरला. सोनाबाईनं डोळ्यांत आईचं दूध पिळलं, बायजानं काजळ घातलं. पापण्या सुटल्या तेव्हा आत दोन पांढरे ठिपके उरले होते. सटवाईनं तसंच लिहिलं म्हणून गाव गप्प बसलं, सोनाबाई बसली नाही. खोट सुनेच्या पोटात आहे असं ती विहिरीवर बोलू लागली. पारूला पुन्हा दिवस गेले तेव्हा तिनं सरळ सांगून टाकलं, हेही पोर तसंच निघालं तर चांगोला दुसरी बायको बघणार. सदू तेव्हा भिंत चाचपत घरभर फिरायला लागला होता.

त्याच सुमारास कर्जतच्या दवाखान्यात सुइणींना शिकवायला मुंबईहून एक नर्सबाई आल्या. गौराबाई त्यांचं नाव. पाटलानं बायजाला जायला सांगितलं तेव्हा ती फणकारली, की त्या बाईला स्वतःला पोर तरी हाय का? पण गेली, रुळांच्या कडेकडेनं चालत. दवाखान्याच्या ओसरीवर पाचसहा सुइणी. त्यात खालापूरकडची कोंडी बसल्याजागी घोरायला लागली, म्हणून बायजानं तिला चिमटा काढला. तिथून दोघींची जी मैत्री जमली ती मरेपर्यंत.

गौराबाईंनी आधी विचारलं, मूल जन्मलं की डोळ्यांचं काय करता? ज्या त्या सुईणीनं आपापलं सांगितलं. बायजानं मोठ्या डौलात डबी काढून मधोमध ठेवली. गौराबाईंनी ती उघडली, वास घेतला, बंद केली. मग त्यांनी परमा नावाच्या गुप्तरोगाचं सांगितलं. पुरुष तो बाहेरून आणतो, बायकोला देतो. तिला कधी अंगावरून पांढरं जातं, कधी काहीच कळत नाही. पण मूल ज्या वाटेनं येतं तिथंच तो बसलेला असतो आणि येता येता मुलाच्या डोळ्यांत शिरतो. तिसऱ्या दिवशी सूज, मग पू, मग पांढरा ठिपका. ऐकता ऐकता बायजाला सदू आठवला, आणि तिनं त्याच्या डोळ्यांचं सगळं गौराबाईंना सांगून टाकलं.

"बायजाबाई, त्या सदूला काजळ घातलंत, त्यानंतर कुणाच्या घरी गेलात?" गौराबाईंनी विचारलं.

बायजाला आठवायला वेळ लागला नाही. शेजारच्या आळीत नामाच्या घरी. नामाची मंगळी तेव्हा आठवड्याची होती. मंगळीचा डावा डोळा तेव्हापासून दुधाळ. तिलाही सटवाईनंच लिहिलं असं सगळे म्हणत. बायजानं आपली करंगळी बघितली आणि पदराखाली घेतली.

गौराबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "त्यांचं आता आपल्या हाती नाही. पुढच्याचं आहे."

मग शिकवणं सुरू झालं. नखं कापायची, कोपरापर्यंत हात साबणानं धुवायचे. मूल बाहेर आलं की आधी डोळे पुसायचे, दर डोळ्याला वेगळं उकळलेलं फडकं, नाकाकडून कानाकडे. मग रुप्याच्या खाराच्या पाण्याचा एकेक थेंब. गालावर ओघळला तर लगेच टिपायचा, उजेड लागला की काळा पडतो. पहिल्या दिवशी पापण्या सुजतील, ती सूज औषधाची, दुसऱ्या दिवशी उतरते. तिसऱ्या दिवशी सूज आली तर ती रोगाची, मग पोर उचलून थेट दवाखान्यात. थेंब घालायचा तो सगळ्याच पोरांच्या डोळ्यांत, एकही सोडायचं नाही, म्हणजे कुणा एका घराकडं बोट दाखवायला नको. पण आईबापांचाही रोग बरा व्हायला हवा, म्हणून विचारायला शिकायचं. एकट्याला गाठायचं, आधी सांगायचं की मी कुठं बोलणार नाही, मग विचारायचं की लघवीला जळजळ होते का. सराव म्हणून कोंडीला नवरा केलं. कोंडीनं पदराच्या मिशा काढून पीळ दिला, आणि ओसरी हसून लोळली. गौराबाई म्हणाल्या, हसून घ्या, तिथं हसायचं नाही.

घरी येऊन बायजानं डबीतलं काजळ खरवडून चुलीत टाकलं, डबी उकळली, आणि तिच्यात फडकी नि औषधाची काळी बाटली ठेवली.

पारूचे दिवस भरत आले तेव्हा बायजानं चांगोला नदीवर गाठलं. तो अंगाचा कोळसा धूत होता. शिकवल्याप्रमाणे तिनं आधी सांगितलं, मग विचारलं. चांगोनं वर पाहिलं नाही. असलं काही आपल्याला नाही म्हणाला. बायजा म्हणाली, नाही तर नाही, मी थेंब सगळ्यांच्याच पोरांना घालणार हाय.

"काकी, पयला थेंब कुनाच्या घरी?" चांगो म्हणाला. "माज्याच ना? म्हंजे गाव काय समजायचं ते समजनार. माज्या पोराच्या डोळ्याला त्यो थेंब लागला तर तू माज्या दारात पाय ठेवायचा नाय."

खोटं नव्हतं ते. पारूआधी गावात कुणाचेच दिवस भरणार नव्हते.

पुढचं माझ्या आईच्या तोंडचं. चिमा माझी आई, ती पारूपाशी होती. सकाळच्या पारी कळा आल्या, ऊन अंगणात उतरलं तोवर मुलगा झाला. चांगो कामावर, दुपारी यायचा होता. बायजानं हात धुतले तेव्हा साबणाच्या वासानं माझ्या आईला शिंका आल्या. डोळे पुसून होतात न होतात तोच सोनाबाई म्हणाली, बायजे, डबी काढ. बायजानं डबी काढली. सोनाबाई वाकली, आणि आत पांढरी फडकी बघून तशीच वाकलेली राहिली.

बायजानं पारूला विचारलं, "तुजा नवरा नको म्हनालाय. तू काय म्हंतेस?"

पारूनं कोपऱ्यातल्या सदूकडं बघितलं. तो आवाजाच्या रोखानं मान वाकडी करून बसला होता.

"घाल," ती म्हणाली. "ह्यो तरी मला बघंल."

एक थेंब नीट पडला. दुसऱ्याला सोनाबाईनं बायजाचा हात ओढला. थेंब डोळ्यात पडला, पण थोडा ओघळून कानापर्यंत गेला आणि ओढाताणीत टिपायचा राहिला. पोरानं किंकाळी फोडली. दारातून उजेड येत होता. बघता बघता त्या कोवळ्या कातडीवर काळपट रेघ उमटली. सोनाबाई अंगणात जाऊन ओरडली की सुईणीनं पोर जाळलं.

बायका जमल्या. दुपारपर्यंत पोराच्या पापण्या टम्म सुजल्या. सदूच्या वेळी निदान तिसऱ्या दिवशी सुजल्या होत्या, ह्याच्या पहिल्याच दिवशी. पहिल्या दिवसाची सूज औषधाची, हे बायजानं कानांनी ऐकलेलं, डोळ्यांनी कधी पाहिलेलं नाही. आई सांगायची, बायजा बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्यावर आडवी बसली होती, तोंडानं शांत होती, पण मांडीवरचे हात एकमेकांत घट्ट धरले होते.

सोनाबाईनं फडताळातून एक शिंपला काढला. सदूच्या वेळचं, डबीतलं काजळ तिनं जपून ठेवलं होतं. सूज उतरायला तेवढं बोटभर घालते, म्हणाली. बायजा उठली नाही.

"उद्या दिवस मावळायच्या आत सूज नाय उतरली तर मला गावाभायेर काढा," ती म्हणाली. "तवर ह्याच्या डोळ्याला बोट लावायचं नाय."

तेवढ्यात चांगो आला, डोक्यापासून पायापर्यंत काळा, डोळे तेवढे पांढरे. अंगणातल्या बायकांनी त्याला सगळं ऐकवलंच होतं. तो उंबऱ्यापाशी थांबला. बायजानं वर पाहिलं, पण नदीवरचा एक शब्द काढला नाही. काढला असता तर त्या घटकेला ती सुटली असती. आई म्हणायची, तिला स्वतःला तेव्हा नदीवरचं काही ठाऊक नव्हतं, पण बायजा काहीतरी गिळून बसली आहे एवढं दिसत होतं.

बाप आल्याचं सदूला पायरवावरून कळलं. तो भिंत चाचपत आला, बायजाच्या खांद्याला धडकला, आणि तिला चाचपून म्हणाला, "बाबा, बाळाला दिसतंय का रं?"

चांगोनं बायकांना घरी जायला सांगितलं. अंगण रिकामं झालं, माझी आई तेवढी आत राहिली. सोनाबाई शिंपला घेऊन उभीच होती.

"आये, ठेव त्यो," चांगो म्हणाला. "खोट पारूत नाय. मला हाय. मुंबईतनं मीच आनली."

सोनाबाईला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती खाली बसली, आणि शिंपला तिच्या हातातून घ्यायला माझ्या आईला तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली. पारूनं तोंड भिंतीकडं केलं होतं. चांगोशी ती पुढं पुष्कळ दिवस बोलली नाही. ते मोडायला सदूलाच मधे पडावं लागलं, पण ती वेगळी गोष्ट, लांब आहे.

दुसऱ्या दिवशी ऊन कलायच्या आत सूज उतरली. तरी बायजा हलली नाही, कारण खरा दिवस तिसरा. तिसऱ्या दिवशी ती दर थोड्या वेळानं हात धुऊन पोराच्या पापण्या फडक्यानं अलगद उघडी, बघी, मिटी. सोनाबाई समोर बसून तिच्या तोंडाकडं बघत राही. आत काळं ते काळं, पांढरं ते पांढरं. संध्याकाळी गाय गोठ्यात आली तेव्हा दारातला उजेड हलला, आणि पोराचे डोळे त्याच्यामागं फिरले. "बघ सोने," बायजा म्हणाली, आणि मग तिनं मांडीवर घट्ट धरलेले हात सोडले.

चांगो आणि पारू कर्जतच्या दवाखान्यात जाऊ लागले. चांगोला जांभळ्या पाण्याची पिचकारी, पारूला वेगळं औषध. गावात बायजानं सांगून ठेवलं होतं की दोघं सदूचे डोळे दाखवायला जातात. आईनंही तोंड मिटलं ते त्या घरातली सारी जाणती माणसं जाईपर्यंत, तेव्हा कुठं मला ही गोष्ट मिळाली. नामाला बायजानं मंगळीच्या डोळ्याचं सांगितलं का, ते आईलाही ठाऊक नाही. मंगळीची सगळी बाळंतपणं मात्र बायजानं केली, आणि तिच्या घरचं सुइणीच्या मानाचं लुगडं एकदाही घेतलं नाही.

त्या पोराच्या पाचवीला सोनाबाईनं दिवा लावला, काजळी धरली, आणि ताटली घेऊन बायजापुढं आली. म्हणाली, डोळ्यात नको म्हणतेस, बरं, पण सटवाईच्या दिव्याचं काजळ टाकायचं कुठं? ह्याचं उत्तर गौराबाईंनी शिकवलेलं नव्हतं. बायजानं जरा विचार केला, मग पोराचा पाय धरला आणि तळव्याला काजळाचा टिळा लावला. पोरानं पाय झाडला, काजळ सोनाबाईच्या नाकाला लागलं. पारू हसली. त्या घरात कितीतरी दिवसांनी कुणीतरी हसलं, असं आई सांगायची.

पोराचं नाव कमळ्या. रेघ पुसट होत होत गेली. लांबच्या फांदीवरचा पोपट आम्हाला दिसायच्या आधी त्याला दिसायचा, आणि तो सदूला सांगायचा, कुठल्या फांदीवर, मान कुठं, चोचीत काय. सदू ऐकून घ्यायचा आणि आम्हाला असा सांगायचा की ज्यानं पाहिलं तो कोण आणि ज्यानं ऐकलं तो कोण, हे नवख्याला ओळखू येत नसे.