पाकिटाला दोरा

मागच्या महिन्यात नवी स्कूटर घेतली. शोरूममधला माणूस म्हणाला, आता काहीच जवळ ठेवायची गरज नाही, काही झालं तर फोन करा. मी मान हलवली आणि घरी येऊन डिक्कीत प्लग, प्लगचा पाना, दोन फ्यूज आणि हेडलाइटचा बल्ब टाकला. बायको म्हणाली, या गाडीला तर क्लचही नाही, मग क्लचची वायर ठेवायची राहिली की काय? ती गमतीने म्हणाली. मला मात्र ते बोलणं दिवसभर पुरलं.

आमच्याकडे जुनी गिअरची स्कूटर होती. बाबा भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये मेंटेनन्सला होते आणि घरातली कोणतीही वस्तू त्यांच्या लेखी मशीनच असायची, आई आणि मी धरून. स्कूटरच्या डिक्कीत काय असावं याचे त्यांचे ठरलेले नियम होते. एक प्लग, एक बल्ब, ब्रेकची वायर, एक्सिलेटरची वायर, आणि सगळ्यात आधी क्लचची वायर. प्लग घासून चालतो, बल्ब दिवसा लागत नाही, ब्रेक एक गेला तर दुसरा आहे; पण क्लचची वायर तुटली की गाडी जागची हलत नाही, असं ते म्हणायचे. तसं क्लचशिवायही ढकलत पळवून दुसऱ्या गिअरमध्ये गाडी चालू करता येते. मी केलेलं आहे. पण त्याला तरणे पाय लागतात.

जुनी वायर फेकायची नाही, हाही नियम. नव्या वायरीच्या पाकिटातच जुनी गुंडाळून ठेवायची, कारण अडीनडीला तिचा तुकडाही कामी येतो. आणि पाकिटाला लाल दोरा बांधायचा, म्हणजे आत जुना माल आहे हे हात लावताच कळावं. ही पद्धत त्यांनी प्लांटमधल्या वर्कशॉपमधून घरी आणली होती. तिथे पाळी बदलताना येणाऱ्या माणसाला कोणत्या खोक्यात चांगला भाग आहे आणि कोणत्यात उतरवलेला, हे विचारावं लागू नये म्हणून. दोरा बांधलेलं पाकीट डिक्कीतून निघून घरच्या पत्र्याच्या डब्यात जायचं. दर रविवारी बाबा डिक्की उघडून एकेक पाकीट बोटांनी दाबून बघायचे. आत वेटोळं लागलं, बाहेर दोरा नाही, म्हणजे वायर नवी. उघडून बघायची त्यांना कधी गरज पडली नाही.

तेव्हा मी एका ठेकेदाराकडे हजेरी लिहायचो. एका दुपारी मित्राच्या साखरपुड्याला स्कूटर घेऊन उतईला गेलो. येताना क्लचची वायर तुटली. डिक्कीतली नवी काढून रस्त्यातच बसवली. तेवढं बाबांनी शिकवलंच होतं. तुटलेली वायर सवयीने नव्या वायरीच्या रिकाम्या पाकिटात कोंबली. दोरा मात्र बांधला नाही. विसरलो नाही, मुद्दाम बांधला नाही. दोरा दिसला असता तर बाबांनी विचारलं असतं वायर कशी तुटली, आणि मग मी अर्धा क्लच दाबून गाडी हाणतो यावर तासभर ऐकावं लागलं असतं. मला त्या प्रवचनांचा मनस्वी कंटाळा होता. उद्या सुपेल्याच्या बाजारातून नवी वायर आणून गुपचूप ठेवून देऊ, असं ठरवलं. उद्या जमलं नाही, परवाही नाही. मध्ये रविवार आला. बाबांनी पाकीट दाबलं, ठेवून दिलं. मी चहा पीत ते बघत होतो.

त्याच आठवड्यात नंदिनी नगरहून फोन आला. बाबांचे थोरले भाऊ, आमचे मोठे बाबा, तिथल्या खाणीत नोकरीला होते आणि आता निवृत्त होऊन अंथरुणाला खिळले होते. भंडाऱ्याकडच्या गावातून बाबांना भिलाईला आणलं ते त्यांनीच. स्वतःच्या खोलीत ठेवून घेतलं, भरतीच्या रांगेत सोबत उभे राहिले. फोनवर त्यांची बायको, आमची मोठी आई, म्हणाली की ते बाबांना विचारत आहेत, लगेच या. सकाळचे दहा वाजले असतील. मी कामावर होतो. बाबांनी बसची वाट पाहिली नाही, स्कूटर काढली.

जामुलच्या पुढे क्लचची वायर तुटली. आठवडाभरापूर्वी मी बसवलेली. कदाचित खालचा स्क्रू मी जास्त आवळला असेल, तारा कापल्या गेल्या असतील. बाबांनी गाडी कडेला घेतली, डिक्की उघडली, पाकीट काढलं. वायर असल्यावर त्यांचं दहा मिनिटांचं काम. पाकिटातून निघाली ती तुटकी, जुनी.

पुढे काय झालं ते त्यांनी कोणालाच धड सांगितलं नाही. मी ते त्यांच्या हातांवरून वाचलं. तासभर ते दोन्ही तुटक्या वायरी जोडायचा खटाटोप करत बसले होते. मग गाडी पळवून बघितली असेल, पण निवृत्तीला टेकलेला माणूस किती धावणार? शेवटी एका टपरीपाशी गाडी ठेवून गिट्टीच्या ट्रकमध्ये बसून पोचले. मोठे बाबा अर्ध्या तासापूर्वी गेले होते.

मी निरोप मिळून दुपारी पोचलो तेव्हा बाबा अंगणात उभे होते. हात काळेच होते. बोटांना वायरीच्या तारा घुसून जागोजागी रक्त सुकलं होतं. मोठी आई दारात बसून त्यांना म्हणाली, "दोनदा डोये उघडले त्याहीनं, भाऊजी. दोनदा इचारलं, लहाना आला का म्हणून."

बाबा म्हणाले, "माह्यीच चूक झाली, वहिनी. गाडीचं सामान मीच नीट नाही पायलं."

मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. तेव्हाच बोलायला हवं होतं. बोललो नाही. तिरडीला खांदा देताना बाबांचा हात माझ्या हाताशेजारी होता, तरीही बोललो नाही. भेकडपणाला दुसरा शब्द नाही.

त्यानंतर मोठी आई बाबांशी तुटक वागू लागली. भांडली नाही, पण कुठल्याही लग्नाकार्यात कोणाला तरी सांगायचीच की याला गाडी सांभाळता आली नाही म्हणून दोघा भावांची शेवटची भेट राहिली. बाबा खाली मान घालून ऐकायचे. मी तिथेच कुठेतरी ताट धरून बसलेला असायचो. आज सांगू, पुढच्या वेळी सांगू, करता करता वर्षं गेली. मग मोठी आईही गेली.

तिचं तेरावं झाल्यानंतर थोड्याच दिवसांत चरोद्याचा एक मिस्त्री आमची स्कूटर न्यायला आला. तशा जुन्या गाड्यांचे भाग आता मिळत नाहीत, म्हणून खोलून भाग काढायला त्याला ती हवी होती. बाबांनी पत्र्याचा डबाही त्याला द्यायचं ठरवलं. आम्ही दोघं डबा उपसत बसलो. तळाशी ते पाकीट निघालं. सगळ्या पाकिटांना लाल दोरा होता, त्या एकाला नव्हता. इतकी वर्षं बाबांनी ते तसंच ठेवलं होतं.

मला राहवलं नाही. उतईपासून रविवारच्या चहापर्यंत सगळं सांगितलं. सांगताना रडलो. बाबांनी मध्ये थांबवलं नाही. माझं झाल्यावर म्हणाले, "मले तं त्याच दिवशी समजलं होतं. गाडी आपल्या घरी दोघंच चालवत होतो."

"मंग तुमी मले कावून नाही बोलले?"

"मले सांगून का होते? सांगाचं तं तुह्या मोठ्या आईले सांगाचं होतं. तिच्या मनातून मी उतरलो, तसाच रायलो."

मिस्त्री अंगणात स्कूटर टेम्पोत चढवत होता. बाबांनी आईच्या शिवणाच्या डब्यातून लाल दोरा मागवला. बांधताना गाठ दोनदा सुटली. मी पुढे झालो, तर त्यांनी पाकीट माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "बांध. नेणाऱ्याले मालूम राहाले पायजे."

मी गाठ बांधली आणि डबा टेम्पोत नेऊन ठेवला.